निकामी उपग्रह कुठे पडेल, हे आठवडाभर आधी का सांगता येत नाही?

उपग्रहाची कक्षा रडारने अचूक मोजता येते, परंतु त्याला खाली ओढणारा विरळ हवेचा रोध सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलतो आणि कोलांट्या खाणाऱ्या उपग्रहाचे हवेला सामोरे येणारे क्षेत्रफळही स्थिर राहत नाही. त्यामुळे पतनाचा अंदाज उरलेल्या काळाच्या साधारण १० ते २० टक्क्यांनी चुकू शकतो. एक दिवस आधीसुद्धा ही चूक काही तासांची असते, आणि सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने तेवढ्यात पृथ्वीप्रदक्षिणा होऊन जाते. म्हणूनच नकाशावर एकच ठिपका दाखवणाऱ्या बातमीवर मुळीच विसंबू नये. चीनचे तिआनगाँग-१ हे स्थानक २ एप्रिल २०१८ रोजी दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात शिरले. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल सुमारे ४३ अंश होता, म्हणजे ते ४३ अंश उत्तर आणि दक्षिण अक्षांशांच्या पलीकडे जात नव्हते; त्यामुळे मुंबई संभाव्य पट्ट्यात येते आणि लंडन येत नाही, एवढे मात्र आधीपासून ठामपणे सांगता येत होते.