रिग्लीच्या जुन्या प्रेक्षकांशी बोलताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर जाऊन तिथल्या कब्ज (Cubs) संघाच्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं ठरवलंयस, म्हणून हे चार शब्द.

‘सामना कोणता?’ असं विचारून सुरुवात करू नकोस. ‘कुठे बसला होतात?’ असं विचार. तारीख विचारली की माणूस अडखळतो. जागा विचारली की आडवा येणारा खांब, डोळ्यांवरचं ऊन, शेजारी बसलेली मंडळी, सगळं आपोआप येतं. मग वाऱ्याचं विचार. मिशिगन सरोवराकडून वारा आत येत असेल तर उंच फटके मैदानातच पडतात, बाहेर वाहत असेल तर धावांचा पाऊस. 17 मे 1979 ला फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने इथे 23-22 असा सामना जिंकला, तोही नेहमीच्या नऊ इनिंग (डाव) संपून दहाव्यात. त्या दिवशी वारा बाहेरच वाहत होता.

तारीख ठरवायची ती मैदानावरून. भिंतीवरची आयव्हीची वेल आणि हाताने आकडे बदलायचा धावफलक 1937 चे. दिवे 1988 चे. नूतनीकरण 2014 चा हंगाम संपल्यावर सुरू झालं आणि डावीकडचा मोठा व्हिडिओ फलक 2015 मध्ये लागला. राखीव पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) हात मोकळे करतात ती बुलपेनची जागा 2016 पर्यंत मैदानाच्या कडेच्या फाउल रेषेलगत, प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर होती. 2017 पासून ती ब्लीचर्सच्या (मागच्या भिंतीवरच्या उघड्या बाकांच्या) खाली गेली. बुलपेनमधल्या पिचरशी गप्पा मारल्याचं कुणी सांगितलं, तर ती आठवण बहुधा त्याआधीची. वेलीचाही उपयोग होतो. एप्रिलमध्ये तिथे नुसत्या तपकिरी काड्या असतात. एप्रिलच्या सामन्यात चेंडू हिरव्या पानांत हरवला आणि फील्डरने दोन्ही हात वर केले असं ऐकलंस, तर महिना पुन्हा विचार. (चेंडू वेलीत अडकला की फलंदाजाला दोन बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) मिळतात, म्हणून ते हात वर.)

चुका कुठे होतात ते एका सामन्यावरून बघ. 23 जून 1984, समोर सेंट लुइस कार्डिनल्स. कब्जच्या राईन सँडबर्गने कार्डिनल्सचा पिचर ब्रूस सटरला दोन होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. ‘सँडबर्गने सामना जिंकून दिला’ असं तुला दहा जण सांगतील. प्रत्यक्षात त्या दोन्ही फटक्यांनी बरोबरी झाली, एकदा नवव्या आणि एकदा दहाव्या इनिंगमध्ये. विजयी धाव आली अकराव्यात, कब्जच्या डेव्ह ओवेनच्या साध्या सिंगलवर, म्हणजे एका बेसच्या फटक्यावर. 12-11. मोठा फटका स्मरणात राहतो, निकाल त्याला येऊन चिकटतो. हा सामना टीव्हीवर देशभर दिसला होता, म्हणून आठवणीत समालोचकाचा आवाज असेल तर सावध हो. स्टँडमध्ये टीव्हीचं समालोचन ऐकू येत नाही. पण लगेच खोटं ठरवू नकोस. शेजाऱ्याच्या मांडीवर ट्रान्झिस्टर असू शकतो, तेवढं विचारून घे.

उलटंही होतं. ‘दिव्यांखालचा पहिला सामना मी पाहिला, फिलीजविरुद्ध’ असं कुणी म्हणेल आणि नोंदवहीत सापडेल 9 ऑगस्ट 1988, मेट्सविरुद्ध, 6-4. दोन्ही खरं आहे. आदल्या दिवशी, 8 तारखेला, दिवे लागले, साडेतीन इनिंग झाल्या आणि पावसाने सामना धुऊन नेला. सँडबर्गचा त्या रात्रीचा होम रनही हिशेबातून गेला. कागद नाही म्हणतो म्हणून माणूस चुकला असं नाही. ‘पाऊस होता का?’ एवढंच विचार.

पडताळणी रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून घरी कर, समोर बसून नको. फोन काढून आकडा दाखवलास की माणूस आठवायचं थांबवतो आणि तुझ्याकडूनच ऐकायला लागतो. लिहिताना त्यांचं वाक्य तसंच ठेव आणि खाली वेगळ्या ओळीत नोंद दे. वडील-आजोबांकडून ऐकलेलं असेल तर तसा शेरा मार. 1932 मध्ये बेब रूथ या नामांकित फलंदाजाने इथे आधी बोट दाखवून मग होम रन मारला असं सांगतात, त्या किश्श्यात भिंतीवर वेल दिसली, की त्या चित्रात नंतर रंग भरलाय हे ओळख.

मुद्रण सामन्याच्या वेळी घेऊ नकोस. नव्या ध्वनियंत्रणेपुढे माईक हरतो. गेट उघडण्याआधी बाहेर बस, माईक छातीशी लाव, वाऱ्यासाठी फोमची टोपी विसरू नकोस. चाळीस मिनिटं पुरे, पुढे माणूस थकतो.

पेन्सिलीने भरलेलं स्कोअरकार्ड कुणी काढलं तर सोनं समज. आकडे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे असतात: 6-4-3 म्हणजे चेंडू शॉर्टस्टॉपकडून (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) सेकंड बेस, तिथून फर्स्ट, दोन बाद. उलटा के (K) म्हणजे बॅट न हलवता झालेला स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बाद. एवढं वाचता आलं की एका ओळीवरून सामना सापडतो. तिकिटाचा अर्धा तुकडा असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो घे. कित्येकदा तारखेऐवजी नुसता सामन्याचा क्रमांक असतो, तो त्या वर्षाच्या घरच्या सामन्यांच्या यादीशी जुळवावा लागतो. मूळ तुकडा मात्र उसना मागू नकोस, आणि कुणी आपणहून दिला तरी त्याच दिवशी परत कर.

कळावे.