बेळगावजवळ होनग्याला छोटा केमिकल प्लांट टाकतोय. तो चालवायला पीएलसी (मशिनं चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) घ्यावी की डीसीएस (सगळ्या प्लांटचं नियंत्रण एकत्र जोडणारी मोठी यंत्रणा)?

दोन बॅच रिअ‍ॅक्टर आणि सेन्सर-व्हॉल्व्हचे शंभरेक सिग्नल एवढाच पसारा असेल, तर पीएलसी आणि स्काडा (प्लांट स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) पुष्कळ झालं. डीसीएस शोभते ती अखंड चालणाऱ्या, हजारो सिग्नलच्या प्लांटला.

खरी गोम वेगळीच आहे. रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी असेल, तर तापमान चढल्यावर फीड (आत जाणारा माल) आपोआप तोडणारा इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेची व्यवस्था, त्याच पीएलसीत कोंबू नका. त्याला वेगळी सेफ्टी पीएलसी आणि वेगळा सेन्सर द्या. आयईसी ६१५११ या प्रोसेस प्लांटच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा रोखही तोच आहे. लाइट गेली, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या हवेचा दाब पडला, की कूलिंगचा व्हॉल्व्ह आपोआप उघडा आणि स्टीमचा बंद झाला पाहिजे. व्हॉल्व्हची ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या, नंतर बदलणं महागात पडतं. सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचे ठेवा. वायर तुटली तर ० दिसतं, लगेच कळतं.

मेक कुठला? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशी करा आणि रात्री फोन केल्यावर येणारा माणूस ज्या मेकवर काम करतो तोच घ्या. प्रोग्रॅमची कॉपी आणि पासवर्ड हातात आल्याशिवाय शेवटचं बिल द्यायचं नाही. अलार्म कन्नड आणि मराठी दोन्हींत टाकून घ्या, ऑपरेटर दोन्हीकडचे असणार.