जोडे परदेशात, मीठ पालारच्या पात्रात

प्रश्न : श्रीमंत देश आयात मालाला पर्यावरणाच्या कडक अटी घालतात आणि त्यामुळे विकसनशील देशांतील कारखानेही स्वच्छ होतात, असे एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत खरे आहे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अर्धेच खरे आहे. कोणते अर्धे, हे पाहायचे तर तमिळनाडूत पालार नदीच्या काठी जावे लागेल. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या गावांतून भारतीय चामड्याच्या निर्यातीचा मोठा भाग जातो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपण प्रामुख्याने अर्धवट कमावलेले कातडे बाहेर पाठवत असू; त्यानंतर सरकारने अशा निर्यातीवर बंधने घालून तयार चामडे आणि जोडे यांना उत्तेजन दिले. मालाची किंमत देशातच वाढावी आणि रोजगारही इथेच मिळावा, हा हेतू रास्त होता. मात्र किमतीबरोबर कातडे कमावण्यासाठी वापरले जाणारे क्रोमियम या धातूचे क्षार, रंग आणि त्यांचे सांडपाणीही इथेच वाढणार, हा हिशेब त्या वेळी कोणी गांभीर्याने मांडला नाही.

आता परदेशी अटींकडे वळू. कातड्याला बुरशी लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफिनॉल या विषारी रसायनावर जर्मनीने १९८९ मध्ये बंदी घातली; काही वर्षांनी ज्यांच्यापासून कर्करोगकारक द्रव्ये सुटू शकतात अशा अॅझो रंगांचीही तीच गत झाली. बाजारपेठ हातची जाईल या धास्तीने आपल्या कारखानदारांनी पर्यायी रसायने स्वीकारली आणि १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांवर बंदी घातली. व्याख्यात्यांच्या म्हणण्यातला खरा भाग तो हा, आणि तो लहान नाही, कारण ही रसायने हाताळणाऱ्या कामगाराचाही त्यात लाभ झाला.

परंतु या दोन्ही अटी चामड्यात काय उरले आहे, एवढेच तपासणाऱ्या होत्या. नदीत काय गेले, हे जोडा तपासून कळत नाही. कच्चे कातडे टिकावे म्हणून त्याला भरपूर मीठ चोळलेले असते. कारखान्यात पहिल्याच धुण्यात ते मीठ पाण्यात उतरते, त्यामागून केस काढण्यासाठीचा चुना व सल्फाइड येते आणि शेवटी कातड्याने न शोषलेले क्रोमियम. यांपैकी मीठ तर तयार जोड्यात जवळपास नसतेच. त्यामुळे हॅम्बुर्गच्या ग्राहकाला त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते, आणि पालारकाठच्याच वेल्लोरच्या शेतकऱ्याच्या विहिरीत मात्र तेच उरले.

ही बाजू सावरली ती बाजारपेठेने नव्हे. वेल्लोरच्या नागरिकांच्या एका मंचाने १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९९६ च्या निकालात न्यायालयाने नोंदवले की या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाली आहे, आणि एक किलो तयार चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते. हा उद्योग परकीय चलन मिळवून देतो हे मान्य करूनही, त्यासाठी परिसराचा नाश करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही, असे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने बजावले. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे याच निकालाने स्पष्ट केले.

निकालानंतर सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना वेग आला, पण नेहमीच्या प्रक्रियेने विरघळलेले मीठ निघत नाही. म्हणून पुढे पाणी गाळून पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसवावी लागली. तिच्यात शेवटी मिश्र क्षारांचे ढीग उरतात आणि ते कुठे टाकायचे हा प्रश्न तसाच राहतो. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला याच पालार खोऱ्यातील बाधितांच्या भरपाईविषयी पुन्हा आदेश द्यावे लागले. पहिल्या याचिकेला तोवर तीन तपे होत आली होती.

परदेशी ग्राहक जी किंमत देतो तीत सांडपाण्याचा खर्च धरलेला नसेल, तर मालाच्या शुद्धतेची अट कितीही कडक असली तरी नदीला तिचा उपयोग नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : मग क्रोमियम सोडून झाडांच्या सालींनी कातडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीकडे का वळू नये? – एक वाचक, मिरज

उत्तर : ती पद्धत तमिळनाडूचीही जुनीच. तिथे ज्याला आवारम म्हणतात ते आपले माळावरचे तरवड. त्याची साल आणि हिरडा वापरून केलेले चामडे एके काळी मद्रासहून जगभर जात असे. त्याने क्रोमियम टळते, हे खरे. परंतु कातडे टिकवण्याचे मीठ आणि केस काढण्याचा चुना दोन्ही पद्धतींत लागतोच, शिवाय सालीचे गडद सांडपाणी न शुद्ध करता सोडले तर पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. कातडे मीठ न लावता थंड ठेवून त्वरित कारखान्यात पोहोचवणे हा मिठावरचा अधिक सरळ उपाय आहे, पण आपल्याकडे कातडी दूरदूरच्या गावांतून थोडीथोडी गोळा होत असल्याने शीतगृहाचा खर्च कोणी उचलायचा, यावर तो अडतो.