सुरतहून आला, अंगावर फोड आणि मनात धुळ्याची बातमी

ऑक्टोबर 2025 मध्ये धुळ्यात सौदीहून परतलेल्या एका रुग्णाला मंकीपॉक्स असल्याचं निदान झालं. त्यानंतरच्या दिवाळीत आमच्याकडे कुणाच्याही अंगावर पुरळ उठलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हाऊ रोग ते नही ना, ताई?" मी ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्राची समुपदेशक. तापा-पुरळाचे रुग्ण खरं तर माझे नाहीत. पण जे डॉक्टरांसमोर बोलायचं नसतं, ते लोक माझ्या खोलीत येऊन बोलतात.

असाच एक तिशीचा तरुण आला. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) सुरतला लूमवर काम, दिवाळीला गावी आलेला. लक्ष्मीपूजनानंतर ताप आला आणि छाती-पाठीवर फोड उठले. आजीने दारात कडुनिंबाचा डहाळा लावला. भावाने मोबाइलवरची बातमी वाचून त्याची खाट मळ्यातल्या खोलीत हलवली. डबा उंबऱ्याबाहेर ठेवायचे. बायको विचारत होती की धाकटा मुलगा त्याच्याच गोधडीत झोपला होता, त्याचं काय? हा खुर्चीच्या टोकावर बसून होता आणि हातात रक्ताच्या रिपोर्टांची चळत. खासगी लॅबमध्ये दीड-दोन हजार घालवून आलेला.

ते रिपोर्ट मी बाजूला ठेवले. मंकीपॉक्सचं निदान रक्तावरून करत नाहीत. फोडातला द्रव किंवा खपली स्वॅबवर घेऊन पीसीआर तपासणी होते, आणि नमुना सरकारी यंत्रणेमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी जातो. लोकांना रक्त दिल्याशिवाय तपासल्यासारखं वाटत नाही, आणि काही लॅबवाले ती समजूत मोडायची घाई करत नाहीत.

बायकोला बाहेर बसवल्यावर खरी गोष्ट आली. सुरतेत तो एका बाईकडे गेला होता. मंकीपॉक्स शरीरसंबंधातून होतो, एवढंच त्याने वाचलेलं. म्हणजे आपण पकडले गेलो, आता गावाला कळणार.

मी विचारलं, कधी? म्हणाला, गणपती बसायच्या आधी.

मग आम्ही हिशोब मांडला. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते एकवीस दिवस लागतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने होत आले होते. तो संबंध या फोडांशी जुळत नव्हता. त्याच्या खांद्यावरचं ओझं तिथेच निम्मं उतरलं. मात्र वाचलेलं अर्धवट होतं, तेही सांगितलं. हा आजार मुख्यतः फोडांना, त्वचेला जवळून स्पर्श झाल्याने पसरतो. त्यात शरीरसंबंध आले, तसंच रुग्णाला अंघोळ घालणं, त्याचा टॉवेल-अंथरूण वापरणं आणि बराच वेळ तोंडासमोर तोंड करून बसणंही आलं. निरोधने धोका कमी होतो, पण निरोध झाकतो तेवढीच त्वचा झाकली जाते. बाजारात शेजारून गेलं म्हणून सहसा होत नाही.

डॉक्टरांनी तपासलं. मंकीपॉक्समध्ये बऱ्याचदा मानेत, काखेत, जांघेत गाठी सुजतात. चेहरा, तळहात, तळपाय, गुप्तांग इथे खोल, टणक फोड येतात. याच्या गाठी नव्हत्या, तळहात स्वच्छ. फोड पोटा-पाठीवर जास्त, खाज भयंकर, आणि एकाच जागी लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली असं सगळं एकत्र. सुरतला खोलीशेजारच्या पोराला दसऱ्याच्या सुमारास कांजिण्या आलेल्या, हे त्याला आत्ता आठवलं. निदान कांजिण्यांचंच झालं. तरी फक्त डोळ्यांनी पाहून फसायला होतं, म्हणून डॉक्टरांनी स्वॅबही पाठवला. मंकीपॉक्स नाही, असा रिपोर्ट आला.

घरच्यांना वाटलं, सुटलो. मला नाही वाटलं, कारण बायकोला चौथा महिना होता आणि गरोदरपणात कांजिण्या ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या, हे तिच्या आईला फोन करून विचारलं तेव्हा जिवात जीव आला. धाकट्यावर तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं.

मळ्यातली खोली मात्र मी मोडीत काढली नाही. वेगळं ठेवणं दोन्ही आजारांत बरोबरच असतं, फक्त डबा उंबऱ्याबाहेर सरकवू नका, मास्क लावून दोन शब्द बोला, म्हटलं. कपडे-अंथरूण न झटकता वेगळे, साबणाने धुवायचे. कांजिण्यांत सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत थांबायचं. मंकीपॉक्स असता तर खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे लागले असते. आजीने दंडावरचा देवीच्या लसीचा व्रण दाखवून विचारलं, मी जाऊ का त्याच्याजवळ? त्या लसीने मंकीपॉक्सपासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, कांजिण्यांपासून नाही. पण तिलाही कांजिण्या होऊन गेलेल्या, म्हणून डबा तिच्याकडे दिला.

त्याची एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी निगेटिव्ह आली. संबंधाला तीन महिने पूर्ण होतील तेव्हा पुन्हा यायला सांगून तारीख लिहून दिली. बायकोला स्वतः सांगणार का, विचारलं. म्हणाला, "पुढल्या टायमाले बोलूत, ताई."