विचारा राजेहो : पाळण्यात बसून ‘उद्या’ दिसते काय?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी पोरगी नववीत आहे, सुट्ट्यांमध्ये यूट्यूबवर अमेरिकेतल्या पार्कचे व्हिडिओ पाहत बसते. त्यातल्या एका फिरत्या थिएटरात आधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं घर दाखवतात, मग एकेक काळ पुढं सरकते अन् शेवटी म्हणे आजचं-उद्याचं घर. तिचं म्हणणं आहे का जुनी घरं खरी वाटतात पण शेवटचं घरच सगळ्यात जुनाट दिसते, असं काऊन? मी काय सांगू, आपण तर यात्रेतल्या आकाशपाळण्याच्या पुढं कधी गेलोच नाही.
(एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, पोरीची नजर पक्की आहे, तिला म्हणा पाहत राह्य. तिनं पाहिलं ते ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या लोकांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी बनवलं होतं, तिथून कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला गेलं अन् १९७५ पासून फ्लोरिडात आहे. एकच कुटुंब, बोलणारे-हलणारे पुतळे, अन् बाप प्रत्येक काळात ठासून सांगते का आता याच्यापेक्षा चांगलं काय असणार बाप्पा! १९०० च्या सीनमध्ये तो खूश असते कारण बायकोला कपडे धुवायला पहिले दोन दिवस लागत, आता पाच तासांत होते म्हणून. (धुते बायकोच, हे लक्षात घ्या.)

आता गंमत अशी का पहिल्या तीन सीनला फारसा हात लावावा लागला नाही, १९२० च्या दशकातलं घर आजही १९२० च्याच दशकातलं राहते, पण शेवटचा सीन मात्र पुन्हा पुन्हा बदलावा लागला. १९९४ साली केला त्यात आजी व्हीआर (डोळ्यांवर जाड चष्मा चढवून खेळायचा) गेम खेळते, कोणीतरी तिचा स्कोअर मोठ्यानं सांगते अन् आवाजावर चालणारी ओव्हन तो आकडा टेम्परेचर समजून बसते, झालं, टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) जळून कोळसा. ओव्हनचा किस्सा आजही चालून जाते, कारण आपल्या घरातले स्मार्ट स्पीकर काही वेगळं ऐकत नाहीत, पण त्याच सीनमध्ये लेझर डिस्क (सिनेमाच्या जुन्या तबकड्या) अन् कार फोनचं कौतुक आहे, ते ऐकून तुमची पोरगी हसणारच.

हे एकाच राईडचं नाही. डिस्नेलँड १९५५ ला उघडलं तेव्हा तिथल्या ‘टुमारोलँड’ म्हणजे ‘उद्याची दुनिया’ या विभागात १९८६ साल दाखवायचं ठरलं होतं. त्यात चंद्रावर नेणारी राईड होती, गोल खोलीत खुर्च्या, छतावरच्या पडद्यावर पुढचा प्रवास अन् जमिनीवरच्या पडद्यावर मागं सुटत जाणारी पृथ्वी. १९६९ मध्ये माणूस खरोखर चंद्रावर उतरला, मग तिकीट काढून चंद्र कोण पाहणार, १९७५ मध्ये तीच राईड मंगळावर पाठवली! खोलीची रचना तीच, फक्त गाव बदललं.

मला विचाराल तर भूतकाळ टिकते तो खरा असते म्हणून नाही. तो दाखवतानाही पैसे लावणाऱ्याच्या सोयीचं तेवढंच निवडलं जाते. वीज-यंत्रांची कंपनी जुनं घर दाखवते ते विजेशिवाय किती हाल होते हे ठसवायला, त्या घरात काही बरंही असेल तर ते तिच्या कामाचं नाही. फक्त तो काळ तपासायला आता कोणी उरलं नाही एवढंच. वर्तमानाचं त्याहून वाईट, तो तर कंपनीच्या शोरूमसारखा असते, माल बदलला का सीन बाद.

अन् ही वाट अशी सरळ एका रांगेत, आधी हे मग ते, हीच मला मुळात पटत नाही. आपल्याकडं चारही सीन एकाच घरात सोबत चालतात, मागं पडवीत चूल, ओट्यावर गॅस, पोट्ट्याच्या हातात फोरजी, अन् ओलिताची लाईन रात्री येते म्हणून त्याचा बाप टॉर्च घेऊन वावरात मोटार चालू कराले गेलेला. आपल्या इथं ते थिएटर फिरवायचं कुठून कुठं?

प्रश्न : आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पोरांकडून ‘काल-आज-उद्या’ असा फिरता देखावा करून घ्यायचा आहे. स्टेज फिरवायचं कसं? बजेट जवळपास नाहीच.
(एक शिक्षक, अचलपूर तालुका)

उत्तर : सर, स्टेज फिरवूच नका. वरच्या उत्तरातल्या थिएटरातही स्टेज जागचं हलत नाही, प्रेक्षकांच्या खुर्च्यांचं कडं त्याच्याभोवती फिरते, सहा भाग असतात, चार सीनचे, एक बसायचा अन् एक उतरायचा, म्हणून खेळ थांबत नाही. तुम्ही सलग तीन वर्गखोल्या घ्या, लोकांनाच व्हरांड्यातून चालवा, एक तुकडी पुढं सरकली का दुसरी आत.

‘काल’साठी पोरांना घरच्या म्हाताऱ्यांकडं पाठवा, सामान मिळेल अन् किस्सेही. ‘उद्या’साठी मात्र चंदेरी कागदाचा रोबोट नको, दरवर्षी तोच असते. एक युक्ती सांगते, १९८३ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच एपकॉट पार्कात ‘होरायझन्स’ नावाची राईड सुरू झाली होती, त्यात आधी जुन्या लोकांनी कल्पिलेला उद्या दाखवायचे, जुना फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या चांद्रसफरीपासून. १९९२ ला पॅरिसच्या डिस्नेलँडनंही तोच रस्ता धरला, भविष्याचा विभागच व्हर्नच्या काळातल्या कल्पनांवर उभा केला, म्हणजे तो शिळा व्हायचा प्रश्नच नाही. तर पोरांना आजोबांना विचारू द्या, तुम्ही आमच्याएवढे होते तेव्हा २००० साली गाव कसं असेल वाटलं होतं? कोणी रेल्वे येईल म्हणेल, कोणी कापसाला भाव येईल म्हणेल, तेच तिसऱ्या खोलीत उभं करा.

लाईट जाईलच हे धरून आवाज आधीच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, स्पीकर चार्ज करा, अन् ‘काल’च्या चुलीत खरा जाळ नको, लाल कागदामागं बॅटरी ठेवा, गॅदरिंगचे पडदे लवकर पेट घेतात.