गल्ल्यातले बाराशे रुपये

बेटा, अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र मिळालं. अम्मीला दम लागलेला, रात्रीचे अकरा, औषधवाला उधार देईना, आणि शेठच्या दुकानाची चावी तुझ्या खिशात. म्हणून तू गल्ल्यातून पैसे उचललेस. "मी चोर झालो का?" हे तू तीनदा लिहिलंयस.

आधी अम्मी कशी आहे ते कळव.

कुरआनच्या दुसऱ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, 173 वी आयत काढ. मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस हराम सांगून तिथेच पुढे म्हटलंय की नाइलाजाने खाणाऱ्यावर गुनाह नाही. मात्र त्याला हाव नसावी, आणि त्याने हद्द ओलांडू नये. म्हणजे नड असेल तेवढंच. औषध साडेसातशेचं होतं, तू बाराशे उचललेस. उरलेले साडेचारशे त्याच रात्री गल्ल्यात परत जायला हवे होते.

शिवाय दुसरा मार्ग खुंटलेला असावा लागतो. माझं घर चार दारं सोडून आहे रे. मला उठवलं का नाहीस? याचं मला फार वाईट वाटलं.

आणि मेलेल्या जनावराला मालक नसतो, गल्ल्याला असतो. उस्मानी तुर्कांनी 1869 ते 1876 मध्ये शरियतचे कायदे कलमवार लिहून काढले, ती 'मजल्ला'. तिचं 33 वं कलम एवढंच आहे: नाइलाजामुळे दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. गुनाह माफ झाला तरी देणं राहतंच.

पण मालकाचीही बाजू तपासतात. हातिब नावाच्या माणसाच्या गुलामांनी एकाची सांडणी चोरून कापली. दुसरे खलिफा हज़रत उमर यांना कळलं की हातिब त्यांना उपाशी ठेवतो. सांडणीची किंमत चारशे दिरहम होती. उमर यांनी सांडणीवाल्याला हातिबकडून आठशे भरून द्यायला लावले. हेच उमर मदिनेच्या दुष्काळात तूप शिवत नव्हते, नुसत्या तेलावर राहिले. पोट गुरगुरलं की त्यालाच सांगायचे, गुरगुर हवं तेवढं, लोकांना मिळेपर्यंत तुला तूप नाही. असा माणूस निवाडा करतो तेव्हा भूक म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुझा दोन महिन्यांचा पगार थकलाय, हे तू पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत हवं होतं.

जुम्म्याची नमाज झाली की माझ्याकडे ये. साडेचारशे तू आण, साडेसातशे मी देतो, जमेल तसे फेड. आपण दोघं शेठकडे जाऊ. पैशांचं तू सांग, पगाराचं मी बोलतो.

तुझा चाचा