क्लब कोणी घेतला ते सोडा, कर्ज कोणाच्या नावावर आहे?

मागच्या महिन्यात आम्ही विचारलं होतं की तुमचा आवडता फुटबॉल क्लब विकला गेला तर तुम्हाला काय वाटेल, आणि पत्रांचा पाऊसच पडला. निम्मी पत्रं नुसत्या भांडणाची आहेत, ती बाजूला ठेवली. ज्यात खरंच काही विचारलंय तेवढीच घेतली आहेत, थोडी कापून.

प्रश्न : दादा, मँचेस्टर युनायटेडच्या मालक ग्लेझर कुटुंबाला सगळे एवढ्या शिव्या का देतात? त्यांच्या काळात युनायटेडने पाच वेळा लीग जिंकली, 2008 ला चॅम्पियन्स लीग जिंकली, खेळाडूंवरही भरपूर पैसा गेला. मग राग कसला? – युनायटेडचा नवा फॅन

राग ट्रॉफीचा नाहीच मुळी, राग हिशोबाचा आहे. 2005 मध्ये त्यांनी क्लब घेतला तो साधारण 79 कोटी पौंडांना, आणि त्यातला मोठा भाग उसना होता. बरं, उसना घेतला तर घेतला, फेडायचा कोणी? तर क्लबने! म्हणजे घर मी विकत घेणार, कागदावर नाव माझं, आणि हप्ते मात्र आत राहणाऱ्यांनी भरायचे. ज्या क्लबवर त्याआधी कर्जाचं ओझं नव्हतं त्याच्यावर एका व्यवहारात 50 कोटी पौंडांपेक्षा जास्त कर्ज येऊन बसलं, आणि त्यातल्या काही भागाचा व्याजदर तर 14.25 टक्के होता, बोला आता. तिकिटाचे पैसे, जर्सीचे पैसे, टीव्हीचे पैसे, सगळ्यातला एक वाटा वर्षानुवर्षं व्याजात गेला आणि मैदानात जे खर्चायला हवं होतं ते राहून गेलं. युनायटेडच्या मैदानाच्या, ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून पाण्याची धार लागलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच.

मॅनेजर फर्ग्युसन होते तोवर हे सगळं झाकलं गेलं. 2013 ला ते निवृत्त झाले आणि झाकण उडालं. पण मँचेस्टरमधले लोक आधीपासूनच ओरडत होते, काहींनी तर 2005 मध्येच उठून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला. 2010 मध्ये स्टँड हिरव्या-सोनेरी मफलरांनी भरून गेले होते, ते न्यूटन हीथचे रंग, म्हणजे क्लबच्या पहिल्या नावाचे. युनायटेडचा जुना खेळाडू बेकहॅम त्या वेळी मिलानकडून खेळायला आला होता, मॅच संपल्यावर त्यानेही तो मफलर गळ्यात घातला.

आणि 2012 ला शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले ना, तेव्हा पण खुबी बघा. कुटुंबाकडच्या शेअरला दहा मतं आणि बाहेरच्याच्या शेअरला एक. त्यामुळे 2024 मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ साधारण 27 टक्के घेऊन आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला, तरी मोठा वाटा अजून जुन्याच घरात आहे.

लिव्हरपूलवाल्यांनी जास्त हसू नये. 2007 ला हिक्स आणि जिलेट हे अमेरिकन मालक आले तेव्हा नव्या स्टेडियमसाठी साठ दिवसांत कुदळ मारतो म्हणाले होते. कुदळ काही पडली नाही, कर्ज मात्र पडलं, आणि 2010 मध्ये प्रकरण लंडनच्या हायकोर्टात जाऊन 30 कोटी पौंडांना क्लब दुसऱ्याकडे गेला. तेव्हा ज्यांनी घेतला तेच आताचे मालक.

प्रश्न : मी आजपर्यंत एकही मॅच स्टेडियममध्ये जाऊन पाहिलेली नाही. पंधरा वर्षं रात्री जागून टीव्हीवर बघतोय. तरी तिथले लोक आम्हाला प्लास्टिक फॅन म्हणतात. आमचा क्लबवर काही हक्क आहे की नाही? – लांबचा पण खरा

हक्क कागदावर शून्य. पण हे जे सगळे अब्जाधीश रांगेत उभे आहेत ना, ते बरेचसे तुमच्यासाठीच उभे आहेत, हे तिथल्या लोकांनाही माहितीये, म्हणून तर चिडचिड.

नीट सांगतो. स्टेडियममध्ये माणसं बसून बसून किती बसणार, पन्नास हजार, पंचाहत्तर हजार. तिथली कमाई वाढवायला मर्यादा आहे. टीव्हीला मर्यादा नाही. प्रीमियर लीगच्या 2022 ते 2025 च्या करारांत परदेशातल्या हक्कांचा पैसा ब्रिटनमधल्या हक्कांच्या पुढे गेला. म्हणजे क्लबची किंमत लावणारा माणूस आता मँचेस्टर किंवा लंडनची लोकसंख्या मोजत बसत नाही, तो तुम्हाला मोजतो.

मोजतो कसं तेही मजेशीर आहे. 2012 ला शेअर विकताना युनायटेडने सांगितलं की जगात आमचे 65.9 कोटी फॉलोअर आहेत. 39 देशांत सर्व्हे करून काढलेला आकडा. सगळीकडे हेडलाईन झाली. पण फॉलोअर कोणाला म्हणायचं, तर जो लाइव्ह मॅच बघतो तो, हायलाइट्स बघतो तो, आणि जो नियमितपणे क्लबबद्दल नुसतं वाचतो किंवा बोलतो तोसुद्धा! या हिशोबाने युनायटेड हरल्यावर दर रविवारी मित्रांना मीम पाठवणारा शेजारच्या मँचेस्टर सिटीचा फॅनपण मोजला गेला असणार. असो.

आता गंमत अशी की लांबच्या फॅनला काही बाबतीत तिथल्यापेक्षा जास्त मिळतं. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायचं नाही असा साठच्या दशकापासूनचा नियम आहे, लोकांनी घरी न बसता छोट्या क्लबांच्या मॅचला जावं म्हणून. त्यामुळे तीनची मॅच लिव्हरपूलमध्ये राहणाऱ्याला घरच्या टीव्हीवर दिसत नाही आणि तुम्हाला मात्र लाइव्ह दिसते. शनिवारी साडेबाराची मॅच असते तीही आशियातल्या संध्याकाळच्या प्रेक्षकाला सोयीची, आणि बाहेरगावच्या टीमच्या फॅनला त्यासाठी पहाटे उठून निघावं लागतं. आता तोच फॅन तुम्हाला प्लास्टिक म्हणाला तर थोडं समजून घ्या ना राव.

पण एका ठिकाणी तुमच्या नावाने फार उड्या मारल्या जातात. 2008 मध्ये लीगने प्रस्ताव आणला होता की 38 मॅचेसच्या वर अजून एक, एकोणचाळिसावी मॅच परदेशात खेळवू. इंग्लंडमध्ये असा गदारोळ झाला की गुंडाळावा लागला. 2021 च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा मोठ्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली, तेव्हाही सूर तोच, की जगभरच्या फॅनला मोठ्या टीमच्या मोठ्या मॅच बघायच्या आहेत. चेल्सीच्या मैदानाबाहेर, स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर लोकांनी रस्ता अडवला आणि दोन दिवसांत सहाच्या सहा इंग्लिश क्लब मागे फिरले. तुम्हाला कोणी विचारलं होतं का? मला तरी नाही. आणि जगभरचे फॅन पण तेव्हा चिडलेच होते की, कारण लांबच्या माणसाला ती टीम आवडते ती त्या गावाची, त्या स्टँडमधल्या आवाजाची म्हणूनच, तो आवाज काढून घेतला तर उरतं काय, बावीस श्रीमंत माणसं आणि एक बॉल.

प्रश्न : न्यूकॅसलला नवे मालक आले तेव्हा लोक रस्त्यावर नाचले, आणि बाकीचे म्हणतात हा सौदीच्या बदनामीवर पांघरूण घालायचा धंदा आहे. तुमचं मत काय? गोल गोल उत्तर नको. – सरळ बोला

सरळ बोलतो. पांघरूणच आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये 30.5 कोटी पौंडांचा व्यवहार झाला, 80 टक्के हिस्सा सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीचा, आणि त्या निधीचे अध्यक्ष स्वतः युवराज मोहम्मद बिन सलमान. तरी लीगने सांगितलं की क्लब सौदी सरकारच्या ताब्यात नसेल अशी कायदेशीर हमी आम्हाला मिळाली आहे. आता यावर हसावं की रडावं.

पण नाचणाऱ्यांना मी शिव्या देणार नाही. आधीच्या मालकाची चौदा वर्षं काढलेली माणसं आहेत ती, दोनदा खालच्या डिव्हिजनला गेले, मध्येच त्यांच्या सेंट जेम्स पार्क मैदानाचं नाव बदलून दुकानाच्या ब्रँडचं नाव लावलं गेलं. 2025 च्या मार्चमध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप आला तो 1955 नंतरचा पहिला देशांतर्गत मोठा कप. आजोबांनी बघितलेला कप नातवाला आता दिसला, रडू येणारच. फॅनने मालक निवडलेला नसतो. फक्त त्या मालकाची इंटरनेटवर फुकट वकिली करायची नाही, एवढं पाळलं तरी खूप झालं. अबू धाबीचे मालक असलेल्या सिटीवाल्यांनाही हेच.

प्रश्न : जर्मनीत असलं काही चालत नाही म्हणे? – बायर्न

बरंच चालत नाही. 1998 पासून नियम आहे की व्यावसायिक कंपनीत मतांचा निम्म्याहून जास्त वाटा मूळ क्लबच्या सदस्यांकडेच हवा, त्यालाच 50+1 म्हणतात. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांना सूट, कारण ते आधीपासूनच कारखान्याचे क्लब. रेड बुलच्या लाइपझिगने नियम मोडला नाही, पण मत देणारे सदस्य इतके कमी ठेवले की नियमाचा जीवच काढून घेतला, म्हणून तिकडे ते कोणालाच आवडत नाहीत. 2023 च्या डिसेंबरमध्ये लीगने टीव्हीच्या धंद्यात गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तर फॅन मैदानात टेनिसचे बॉल फेकायला लागले, मॅच थांबायच्या, खेळाडू वेचत बसायचे. 2024 च्या फेब्रुवारीत लीगने बेत सोडून दिला.

पण सदस्यांचा क्लब म्हणजे लगेच सगळं आलबेल असं समजू नका. बार्सिलोना घ्या. एक पण मालक नाही, सगळं सदस्यांचं, आणि 2021 मध्ये कर्ज 100 कोटी युरोच्या वर. मग 2022 ला लीगच्या टीव्ही उत्पन्नातला 25 टक्के वाटा पुढच्या 25 वर्षांसाठी विकून मोकळे. क्लब विकला नाही हो, नुसतं भविष्य विकलं.

प्रश्न : नवा मालक जर्सीचा रंग बदलू शकतो का? – निळा

कार्डिफला बदलला होता. 2012 ला निळ्याचा लाल केला, लोक पेटले, 2015 च्या जानेवारीत परत निळा. तुम्ही निळेच राहाल, झोपा निवांत.

प्रश्न : मालक एका रात्रीत गायब झाला तर? चेल्सीचं 2022 ला जे झालं त्यात क्लब बुडला असता का? – ब्रिज

बुडू शकला असता. 10 मार्चला रशियन मालक अब्रामोविचवर ब्रिटिश सरकारचे निर्बंध आले आणि त्या दिवसापासून क्लब सरकारच्या खास परवान्यावर. नवीन तिकीट विकायचं नाही, दुकान बंद, खेळाडू घ्यायचे नाहीत, बाहेरगावच्या मॅचच्या प्रवासाला 20 हजार पौंडांची मर्यादा. जर्सीवरचा स्पॉन्सर बाजूला झाला. ज्या टीमने आदल्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली होती तिची ही अवस्था. मालकाचं क्लबवर 150 कोटी पौंडांचं कर्ज होतं, ते त्याने सोडलं म्हणून मे महिन्यात 250 कोटींना विक्री जमली. सोडलं नसतं तर? म्हणूनच मी म्हणतो की मालक किती श्रीमंत ते नंतर बघा, आधी त्याने घातलेला पैसा भांडवल म्हणून आलाय की कर्ज म्हणून, आणि मैदानाची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे दोन कागद बघा.

जमिनीवरून आठवलं, चेल्सीची एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन क्लबच्या मालकाची नाहीच. चेल्सी पिच ओनर्स नावाची कंपनी आहे, 1993 ची, तिचे शेअर हजारो सामान्य फॅनकडे आहेत, शंभर-शंभर पौंडांचे. चेल्सी एफसी हे नावसुद्धा त्यांच्याकडे. ब्रिज सोडून दुसरीकडे खेळायला गेलात तर नाव विसरा अशी अट. 2011 मध्ये अब्रामोविचच्या क्लबने ती जमीन परत मागितली, मतदान झालं, 75 टक्के मतं हवी होती, 61 टक्क्यांच्या आसपास पडली. जगातल्या श्रीमंतातल्या श्रीमंत माणसाला शाळामास्तर आणि टॅक्सीवाल्यांसारख्या शेअरहोल्डरांनी नाही म्हटलं, आणि त्याला ते ऐकावं लागलं.

प्रश्न : छोट्या क्लबचं काय? सगळ्यांनाच रेक्सहॅमसारखं हॉलिवूड मिळणार नाही. – तिसऱ्या डिव्हिजनचा

नाही मिळणार. पण रेक्सहॅममध्ये कॅमेऱ्यापलीकडे काय झालं ते बघा. क्लब 2011 पासून फॅनच्याच ताब्यात होता, आधीच्या मालकांनी पोळल्यामुळे. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या अभिनेत्यांना आधी फॅनच्या ट्रस्टसमोर योजना मांडावी लागली, 98 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तेव्हा 2021 च्या फेब्रुवारीत ताबा. 20 लाख पौंड क्लबमध्ये घालायचे अशी अट. पुढच्या वर्षी त्यांनी रेसकोर्स ग्राउंडची मालकी विद्यापीठाकडून क्लबकडे आणली. लागोपाठ तीन प्रमोशन लोकांच्या लक्षात राहतात, मला ते ग्राउंड जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण दुसरीकडे ‘बरी’ नावाचा क्लब बघा. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. मैदान गहाण, पगार थकलेले, 2018 च्या डिसेंबरमध्ये क्लब विकला गेला तो एक पौंडाला. ऑगस्ट 2019 ला लीगमधून हकालपट्टी. हे झाल्यावर, आणि सुपर लीगचा तमाशा झाल्यावर, इंग्लंडमध्ये 2025 च्या जुलैत कायदा आला, स्वतंत्र नियामक नेमला, मालकांची तपासणी आता त्याच्याकडे. तुमच्या क्लबच्या नव्या मालकाबद्दल शंका असेल तर फॅन ट्रस्ट असेल तिथे सदस्य व्हा आणि वार्षिक हिशोब मागवून वाचा. बरीसारख्या प्रकरणांत आकडे आधीपासूनच आरडाओरडा करत असतात, वाचायला कोणी बसत नाही.